फळीमागच्या दोन दोऱ्या

१४ मार्च १९८६ हा शुक्रवार होता. त्या वर्षीचे कोणतेही कॅलेंडर उघडून हे ताडून पाहता येते, म्हणून तेवढेच आधी सांगितलेले बरे. त्या शुक्रवारी ‘बोला, केवढ्याला?’ या कार्यक्रमाचे चित्रीकरण मध्येच थांबले आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर किमतींच्या फळीच्या आतून एक बाई बाहेर आली. पुढचे तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. कोणी म्हणतो ती रडत होती, कोणी म्हणतो घामाने निथळत होती. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत प्लायवुडच्या आत उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी लांबून वेगळ्या ओळखू येत नाहीत.

तिला सगळे फळीमावशी म्हणत. हाक मारताना नुसते मावशी.

तिचा खेळ इतका सोपा होता की त्याला खेळ म्हणायलाही काही जण कचरत. रंगमंचावर दोन वस्तू मांडलेल्या असत. प्रत्येक वस्तूच्या वर फळीला एक चौकट, आणि चौकटीत एक किंमत. दोन्ही किमती खऱ्या. त्या आपापल्या वस्तूवर आहेत की एकमेकींच्या, एवढेच ओळखायचे. खेळाडूने ‘राहू द्या’ म्हणायचे किंवा ‘बदला’. घंटा वाजली तर दोन्ही वस्तू घेऊन घरी, भोंगा वाजला तर टाळ्या घेऊन घरी. नाणे उडवून जे साधते ते साधण्यासाठी लोक नवे कपडे घालून, लांबचा प्रवास करून येत, आणि घरोघरी पडद्याकडे बोट रोखून माणसे ओरडत, ‘अरे बदल, गाढवा, बदल!’ वर्षानुवर्षे हे चालले होते. कार्यक्रमाचे सूत्रसंचालक पडद्यावर म्हातारे झाले, पण हसणे तेच राहिले. त्यांना पाठीमागे सगळे दातकाढे म्हणत.

पाट्यांची ही अदलाबदल यंत्र करते अशी प्रेक्षकांची समजूत होती. करत होती मावशी. फळीच्या मागे एक लाकडी चाक होते आणि त्याला दोन्ही पाट्या अडकवलेल्या असत. दांडा अर्धा फिरवला की डावीकडची पाटी उजवीकडे जाई, उजवीकडची डावीकडे. तिच्या खांद्याजवळ दोन दोऱ्या लोंबत, एक घंटेची आणि एक भोंग्याची. मध्यंतरी मोटर बसवून पाहिली होती. मोटरने पाट्या इतक्या झटकन बदलल्या की लोकांना धाकधूकच वाटेनाशी झाली, आणि थोड्याच दिवसांत तिने एक पाटी अधांतरी तिरकी लटकवून ठेवली. मोटर गेली, मावशी परत आली. आपल्या हाताला यंत्रापेक्षा जास्त भाव आहे याचा तिला दोन दिवस आनंद झाला. मग पेटीत उभी राहिल्यावर तो ओसरला.

पेटी म्हणजे फळीमागची पोकळी. एका अंगाने, तिरके होऊन आत शिरायचे, आणि शिरताना तोंड ज्या बाजूला असेल त्याच बाजूला खेळ संपेपर्यंत ठेवायचे; वळायला जागा नव्हती. आत सरसाचा आणि रंगाचा वास कोंडलेला असे. पायात कापडी सपाता, हातात काहीही नाही, खोकायचे नाही, नाक ओढायचे नाही. हवेसाठी खाली, पोटरीच्या उंचीवर, एक फट ठेवली होती. त्या फटीतून तिला समोरच्या खेळाडूची पावले दिसत, एवढेच. इतक्या वर्षांत तिने हजारो माणसे पाहिली होती आणि एकाचाही चेहरा पाहिला नव्हता. ‘बूट नवे आणि मोजे फाटके असले की माणूस हमखास बदला म्हणतो,’ असे ती म्हणे. ते खरे होते की नाही, हे कोणी कधी मोजून पाहिले नाही.

पाट्या सरळ लावल्या आहेत की उलट, हे दोघांनाच ठाऊक असे: त्या लावणारे भाववाले काका आणि मावशी. दातकाढ्यांनाही नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काही लपत नसे. काका मावशीच्या कानात एकच शब्द बोलत, ‘सरळ’ किंवा ‘उलट’. तो कुठे लिहायचा नाही आणि घंटा किंवा भोंगा वाजेपर्यंत कोणापाशी उच्चारायचा नाही. काही कारणाने खेळ बाद झाला तर तीच जोडी पुढे कधीतरी पुन्हा मांडत, त्यामुळे अशा वेळी शब्द कायमचा पोटात. एकदा शब्द कानात पडला की सुतार बाहेरून कडी घाली. पूर्वीच्या एका माणसाने फटीतून बोट बाहेर काढून आपल्या मेहुण्याला खूण केली होती. त्या मेहुण्यापायी पेटीला कडी लागली आणि इथे काम करणाऱ्याच्या कोणत्याही नातेवाइकाने खेळायचे नाही असा नियम आला. आत काही बिनसलेच तर फळीवर तीनदा ठोकायचे, म्हणजे चित्रीकरण थांबवून सुतार कडी काढणार.

मावशीने कधी ठोकले नव्हते. सुतार नव्या माणसांना हे अभिमानाने सांगे. ‘एकदा उंदीर गेला पायावरून. हूं नाही, चूं नाही! उंदरालाच वाटलं असेल, खांब आहे.’

तिचा नवरा एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होता. ‘आमच्या घरात उजेडात कमावणारं कोणी नाही,’ तो म्हणे, ‘ही पेटीत, मी डब्यात.’ पुढे लिफ्टला अशी बटणे आली की लोक आपले आपण वर जाऊ लागले, आणि तो घरी बसला. डब्यातला सुटला; त्यामुळे पेटीतलीला सुटणे अवघड झाले.

माहेरचे असे तिला एकच माणूस उरले होते, थोरली बहीण. ताई शाळेचे गणवेश शिवत असे. एका गल्लीत, बुटांच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीशी तिचे पायाने चालवायचे यंत्र होते आणि भिंतीला टेकून निळ्या कापडाचे तागे. कार्यक्रमाची तिच्याइतकी निष्ठावंत प्रेक्षक दुसरी नसेल. टाके घालता घालता ती पडद्याकडे मान वर न करता, नुसती वस्तूंची वर्णने आणि किमती ऐकून ‘बदल’ किंवा ‘राहू दे’ म्हणे, आणि दहातल्या पाच-सहा वेळा तिचे बरोबर निघे. दहातल्या पाच-सहा वेळा कोणाचेही बरोबरच निघते, असे कोणी म्हटले तर ती कात्री खाली ठेवून त्याच्याकडे नुसती बघे.

काही वर्षांपूर्वी खेळाडू निवडण्याच्या सोडतीत तिचे नाव निघाले होते. तिने स्वतःसाठी नवा पोशाख शिवला, आणि मुख्याध्यापिकेपासून खालच्या बूटवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवले. बहिणीला मात्र सांगितले नाही; सांगितले तर ती अडवील हे तिला ठाऊक होते. फाटकावरच्या म्हाताऱ्या कारकुनाने तिला पाहताच विचारले, ‘अहो, तुम्ही आमच्या मावशींच्या बहीण ना? तेच नाक!’ आणि नियम वाचून दाखवून परत पाठवले. दुपारच्या आत ताई त्याच नव्या पोशाखात त्याच गल्लीतून परत आली. बूटवाल्याने भाबडेपणाने विचारले, ‘काय हो, जिंकलात का?’

त्याच संध्याकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली.

‘सोड ती नोकरी.’

‘ताई, आत तर ये.’

‘आत येणार नाही. आधी सोडते म्हण.’

‘सोडून घर कशावर चालवू? हे बसलेत घरी.’

‘दुसरी बघ. तू असा काय दिवा लावतेस तिथं? दांडा फिरवतेस.’

‘तू पण पायच हलवतेस.’

हे बोलायला नको होते, हे मावशीला बोलता बोलताच कळले. ताईच्या पायावर तिघांचे शिक्षण झाले होते, त्यात मावशीचेही.

‘तू पेटीत आहेस म्हणून मी फाटकाबाहेर,’ ताई म्हणाली. ‘बस तिथंच. आजपासून मला बहीण नाही.’

असा शब्द मागे घ्यायचाच असतो. पण कोणी आधी घ्यायचा, यावर दोघींचे एकमत झाले नाही. ताई गल्ली बदलून जाऊ लागली. मावशी शाळेवरून जाताना मुलांच्या गणवेशांचे टाके बघे आणि पुढे होई.

त्यानंतर मावशीचा खांदा धरला, मग गुडघे. कार्यक्रमाच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या. फेब्रुवारीत त्यांनी तिला बोलावून सांगितले, ‘मार्चची चित्रीकरणं तेवढी नीट पार पाडा. सुताराच्या सुनेला हाताशी घेऊन तयार करा. एक तारखेपासून तुम्ही सामानखोलीत.’

सामानखोलीत बक्षिसांच्या वस्तू ठेवत. तिथे काम म्हणजे धूळ पुसणे आणि काय आले, काय गेले ते बघणे. पण त्या खोलीला खिडकी होती. खिडकीतून मागचे अंगण दिसे. एक नळ, दोन-तीन सायकली आणि एक भिंत. हातांची एक खुर्ची होती. तिथे खोकता येत होते. मावशी काही ना काही निमित्त काढून तिकडे जाई, खुर्चीत बसत नसे, फक्त पाठीवर हात ठेवून उभी राही. तिला त्या खुर्चीत बसायचे होते. त्या दिवसांत याहून मोठी इच्छा तिच्या मनात नव्हती.

सुताराची सून हुशार होती, हात हलका होता. फक्त सरसाच्या वासाने तिला शिंक येई.

‘मावशी, तिला शिंक गिळायला शिकवा,’ सुतार म्हणाला.

‘जांभई शिकवते. शिंक मलाच येत नाही गिळता.’

‘मग काय, प्रेक्षकांना सांगू? म्हणावं, फळीला सर्दी झालीय.’

त्या शुक्रवारी फाटकावर नवी मुलगी होती. म्हातारा कारकून निवृत्त झाला होता. काय घडले ते तिनेच पुढे सांगितले. सोडतीत नाव निघून आलेल्या, निळ्या पोशाखातल्या एका बाईंना तिने नेहमीचा प्रश्न विचारला, ‘तुमचं कोणी इथं कामाला आहे का?’ बाई म्हणाल्या, ‘होती एक. आता कोणी नाही.’ मुलीला वाटले, बिचारीचे माणूस गेले. तिने बाईंना बसवले, प्यायला पाणी दिले आणि आत सोडले.

आत काकांनी मावशीच्या कानात शब्द सांगितला, सुताराने कडी घातली. बाहेर संगीत वाजले, टाळ्या झाल्या, आणि फटीसमोर दोन पावले येऊन थांबली. साधे, मऊ झालेले, स्वच्छ पुसलेले बूट. मावशीने नेहमीप्रमाणे बघितले आणि बघतच राहिली. उजव्या पावलाची टाच टेकलेली होती आणि पुढचा भाग झुलत होता. खाली, वर, खाली, वर. जणू खाली शिलाईयंत्राची पायपट्टी होती. मालकीण विचारात पडली की जागेवर नसलेले यंत्र चालवणारे एकच पाऊल तिला जगात माहीत होते. लहानपणी त्याच तालावर तिला झोप लागत असे.

‘या, या ताई!’ दातकाढे म्हणाले. येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ताईच म्हणत, तरी मावशीचा हात दांड्यावर घट्ट झाला. ‘काय करता आपण?’

‘गणवेश शिवते. आमच्या भागातल्या झाडून सगळ्या पोरांच्या ढुंगणाला माझं कापड आहे.’

प्रेक्षागृह हसले. तो आवाज मावशीने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. किंचित घोगरा झाला होता, पण धार तीच.

‘मग आज नशीब कसं आहे? पक्क्या टाक्याचं की उसवलेलं?’

‘तुम्ही नुसते दात दाखवा, नशिबाचं मी बघते.’

लोक आणखी हसले. दातकाढेही हसले, त्यांना पर्याय नव्हता. मावशीने त्याच क्षणी तीनदा ठोकायला हवे होते. नियम सरळ होता, फळी हाताच्या अंतरावर होती. तिने ठोकले नाही. ती ऐकत राहिली.

वस्तू जाहीर झाल्या. एक विजेवर चालणारे शिलाईयंत्र आणि एक जेवणाचे टेबल, सोबत चार खुर्च्या. यंत्रावर लहान आकडा होता, टेबलावर मोठा.

‘ताई, हे तर तुमच्या घरचंच दुखणं!’ दातकाढे म्हणाले. ‘यंत्राची किंमत तुम्हाला पाठच असेल.’

‘पाठ होती. गेल्या वर्षी दुकानाच्या काचेला नाक लावून बघून आले होते. पण ती तुमच्या या दोन आकड्यांच्या मधोमध पडते बघा. आता वर्षभरात ती वर गेली की खाली आली, हा प्रश्न.’

‘मग?’

‘मग काय? जगात सगळं वर जातं. पण लोक म्हणतात, विजेच्या वस्तू स्वस्त होतायत.’ पाऊल झुलत होते. ‘लोक म्हणतात ते कधी खरं असतं का?’

‘बदला!’ ‘राहू द्या!’ ‘अहो, राहू द्या!’ प्रेक्षक ओरडू लागले. पाऊल थांबले.

‘बदला,’ ताई म्हणाली.

‘विचार पक्का?’

‘कापड कापल्यावर विचार करत नसतात.’

मावशीच्या हातांनी दांडा अर्धा फिरवला. हात वर्षानुवर्षे ते करत आले होते, त्यांनी तिला विचारले नाही. पाट्या हळू सरकल्या, बाहेर नेहमीची ती कोंदटलेली शांतता पसरली, आणि आता दोरी ओढायची राहिली.

घंटेची ओढली, तर आज ना उद्या कोणीतरी ते नाक ओळखणार. मग आतल्या बहिणीने बाहेरच्या बहिणीला शब्द पुरवला असेच सगळे म्हणणार. आम्ही वर्षानुवर्षे बोलत नाही, असे सांगून कोण ऐकणार? दोन बहिणींमधला अबोला दाखवता येत नाही; त्याला ना पावती, ना साक्षीदार. खुर्ची जाईल, नोकरी जाईल, आणि मेहुण्याच्या गोष्टीशेजारी तिचीही गोष्ट नव्या माणसांना सांगितली जाईल. भोंग्याची ओढली, तर ताई मरेपर्यंत एकच म्हणणार: मेली आत बसली होती, मुद्दाम वाजवला. उत्तर खरोखर काय होते याने यात काडीचा फरक पडत नव्हता. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशा दोन दोऱ्या डोळ्यांपुढे लोंबत होत्या, आणि मागे वळायला जागा नव्हती.

बाहेर दातकाढ्यांनी हसू ताणून धरले होते. ते आता तुटायला आले होते.

फळीच्या आतून तीन ठोके ऐकू आले.

सुतार पुढे म्हणे की प्रथम त्याला कळलेच नाही. हा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मग तो धावला आणि त्याने कडी काढली. मावशी तिरकी होत बाहेर आली आणि दिव्यांमुळे डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. फळीत माणूस असतो हे प्रेक्षकांना तेव्हा कळले. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. मागे कोणीतरी म्हणाले, ‘अगं बाई, यंत्र बाहेर आलं!’

‘ही माझी सख्खी बहीण आहे,’ मावशी म्हणाली. ‘हिला खेळता येत नाही.’

ताईने तिच्याकडे पाहिले. मग दातकाढ्यांकडे वळून ती शांतपणे म्हणाली, ‘मी या बाईंना ओळखत नाही.’

असा पेच कार्यक्रमात कधी आला नव्हता. एकीचे म्हणणे खरे तर खेळ बाद. दुसरीचे खरे तर खेळ चालू. दातकाढे एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. शेवटी कॅमेरामनच आपल्या यंत्रामागून बोलला, ‘साहेब, दोघींना एका चौकटीत घेतलंय मी. नाक एकच आहे.’

सगळे प्रेक्षागृह हसले. दोघी बहिणी सोडून.

मोठ्या बाईंच्या खोलीत दोघींना बसवले. भाववाले काका भिंतीशी उभे होते.

‘तुम्ही फाटकावर खोटं का सांगितलंत?’ मोठ्या बाईंनी ताईला विचारले.

‘खोटं नाही सांगितलं. होती, म्हटलं. हिला विचारा, गेल्या कित्येक वर्षांत हिनं मला बहीण म्हणून एक हाक मारली का ते.’

मोठ्या बाई मावशीकडे वळल्या. ‘आणि तुम्ही? ओळखलंत तेव्हाच का नाही ठोकलं? उत्तर देईपर्यंत थांबलात, पाट्या फिरवल्यात, आणि मग?’

‘ऐकत होते.’

‘काय ऐकत होतात?’

‘आवाज. हिचा.’

ताईने पिशवीतून रुमाल काढला, तो नुसताच उलगडला आणि परत घडी घातला. ‘नाटकं,’ ती म्हणाली. पण आवाज बारीक होता.

खेळ बाद ठरला. तो भाग दाखवायचा नाही असे ठरले. ताईला येण्याजाण्याचा खर्च देऊन निरोप देण्यात आला. मग मोठ्या बाईंनी दार लावून घेतले आणि मावशीचे दोन्ही हात हातात घेतले.

‘मावशी, अशी माणसं कुठं मिळतात हो? सख्ख्या बहिणीलाही पाठीशी घातलं नाहीत. आता तुम्हाला तिथून काढून मी कोणाला उभं करू? शिंकणारीला?’

‘बाई, खांदा—’

‘पगार वाढवते. आत पंखा बसवून देते.’

पगार वाढला. पंखाही बसला, फक्त त्याचा आवाज येतो म्हणून चित्रीकरणाच्या वेळी तो बंद ठेवायचे ठरले. सामानखोलीतली खुर्ची सुताराच्या सुनेला मिळाली. तिथल्या धुळीत ती दिवसभर मोकळेपणाने शिंकत असे, आणि तिला कोणी काही म्हणत नसे.

‘हात दाखवून अवलक्षण,’ नवरा म्हणाला. ‘जरा खोटं वागली असतीस तर काढली तरी असती.’

‘तुम्हाला लिफ्टमधून काढलं, तेव्हा काय मोकळे झालात?’

‘तेही खरं,’ तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घालून बसला.

ताई स्वस्थ बसणारी नव्हती. तिने दुकाने पालथी घातली. एका ठिकाणी ते शिलाईयंत्र टेबलापेक्षा महाग निघाले, दुसऱ्या ठिकाणी स्वस्त, तिसऱ्या ठिकाणी दुकानदाराने ‘तुम्ही केवढ्याला घेता ते बोला’ म्हणून विचारले. कार्यक्रमाचा भाव काका ठरावीक दुकानातून, ठरावीक दिवशी घेत. ते दुकान कोणते, हेही काका सांगत नसत. तेव्हा पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताई मावशीच्या दारात आली. या वेळी आत आली, बसली.

‘बरोबर होतं का?’

मावशीने उठून खिडकी उघडली.

‘एवढंच सांग. बरोबर होतं की नव्हतं?’

‘ताई, ती जोडी पुन्हा लावणार आहेत. शब्द बाहेर काढता येत नाही.’

‘मी काय दवंडी पिटणार आहे?’

‘पिटशील. बूटवाल्याला आधी सांगशील.’

ताईला हसू आले, ते तिने दाबले. ‘बरं, चहा तरी टाक. की तोही पेटीतच ठेवलायस?’

पुढच्या सुट्टीला ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. आल्यावर एकदा विचारायची, उत्तर मिळायचे नाही, मग चहा, मग शाळेच्या, गल्लीच्या, गुडघ्यांच्या गोष्टी. काही दिवसांनी नवऱ्याने मावशीला आडून सुचवले, ‘सांगून टाक एकदा. जिवाला लावून घेतलंय तिनं.’

‘सांगितलं की यायची थांबेल,’ मावशी म्हणाली.

हे ती गमतीने म्हणाली असे नवरा सांगतो. त्याला स्वतःलाही तशी खात्री नव्हती.

ती जोडी पुन्हा कधी लावलीच नाही. उन्हाळ्यात सुताराने त्या दोन्ही पाट्यांवर रंधा मारून त्यांवर नवे आकडे रंगवले. त्या दिवसाच्या चित्रफितीवर पुढे दुसरा भाग चढवला गेला. भाववाले काका निवृत्त होऊन मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले. मुलीला त्यांनी यातले काही सांगितले नव्हते. कडी काढली तेव्हा आत दोन्ही दोऱ्या हलत होत्या, असे सुतार आजही शपथेवर सांगतो. त्या दांडा फिरवल्याने हललेल्या असू शकतात, खांदा लागल्याने असू शकतात, किंवा त्यांपैकी एकीवर हात पडून मागे घेतला गेला असेल. मावशी आणखी बरीच वर्षे त्या पेटीत उभी राहिली.

त्या शुक्रवारी तिच्या कानात सांगितलेला शब्द ‘सरळ’ होता की ‘उलट’, हे ठाऊक नाही. म्हणजे ताईचे उत्तर बरोबर होते की चूक, तेही ठाऊक नाही. आणि त्या तीन ठोक्यांनी ताईला भोंग्यापासून वाचवले की तिच्या हक्काची घंटा हिरावून घेतली, तेही नाही.